भंडारा नव्हे, फुलोरा

आमच्या साताऱ्यात ‘येळवस’ म्हटलं की लोक विचारतात, ‘कोण? कुठल्या गावची?’ परवापरवापर्यंत मीही त्यातलीच होते. कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्यावर हवेतले परागकण काचेवर गोळा करायचं खूळ लागलं. पण मार्गशीर्षातल्या अमावस्येला एक अख्खा मुलूख घरांना कुलपं घालून ज्वारीत जेवायला जातो, हे मला ठाऊक नव्हतं.

ते सांगितलं वैशालीनं. ही माझी जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन धाराशिव जिल्ह्यात गेली, लोहाऱ्याच्या पुढच्या एका गावात राहते आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. फोनवर म्हणाली, “बाई, तुम्ही ते पराग बघत हिंडता ना? मग येळवशीला या. शाळू ऐन फुलोऱ्यात असतो आणि माणसं दिवसभर त्यातच बसलेली असतात.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि आमच्या आबांचंही बघा. माझे सासरे. दरवर्षी येळवस झाली की त्यांची छाती भरते. गेल्या साली लातूरला दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. या वर्षी त्यांना रानात न्यायचं नाही, असं मी सांगून टाकलंय. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.”

“अगं, मी डॉक्टर नाही,” मी म्हटलं.

“डॉक्टर आहेत की. ओढायचा पंप दिलाय, गोळ्या चालू आहेत. पण येळवशीलाच का होतं, हे कुणी सांगत नाही.”

आता असा प्रश्न कानावर पडल्यावर मी घरी बसणारी बाई नव्हे. सूक्ष्मदर्शक पंच्यात गुंडाळला, काचांची डबी आणि व्हॅसलिनची बाटली पिशवीत टाकली, आल्याच्या वड्या घेतल्या आणि निघाले.

येरमाळा

पुणे, बार्शी करत येरमाळ्याला उतरले. एसटीतल्या धक्क्यांचं वर्णन करत नाही, ते सगळ्यांच्याच मणक्यांना पाठ आहेत. आधी डोंगरावर जाऊन येडेश्वरीचं दर्शन घेतलं. वरून बघितलं तर लांबच लांब काळं रान, त्यात शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, नि हरभऱ्याचे पट्टे. आमच्याकडं या दिवसांत जिकडं बघावं तिकडं ऊस, नजर बांधावरच अडते. इथं नजर सुटली की सुटलीच. मी बराच वेळ पायरीवर बसून राहिले.

मुक्काम हायवेवरच्या एका हॉटेलाच्या माडीवर होता. खोलीच्या मागच्या बाजूला लगेच शाळूचं रान. मी काचेला व्हॅसलिन फासून ती कठड्याला बांधायला लागले तशी हॉटेलवाला वर आला.

“काय बांधायलाव मॅडम?”

“काच आहे. हवेत जे उडतं ते हिला चिकटतं.”

“माश्या?”

“माश्या नाहीत हो. पराग. ज्वारीच्या फुलातली धूळ.”

“आसंना. माश्या बी चिकटत्यालच की. येक आमाला द्या, भज्याच्या परातीवर टांगतो.”

दिली. करते काय? दुसऱ्या दिवशी त्यानं ती काच दोन बोटांत धरून कौतुकानं आणून दाखवली. चांगली टपोरी माशी होती. वर चहाचे पैसेही घेईना.

माझ्याही काचेवर पीक आलं होतं. ज्वारीचं फूल उजाडायच्या आधीच उमलतं. पिवळे परागकोष कणसाला लोंबत असतात आणि ऊन चढेपर्यंत जरा धक्का लागला तरी भुकटी उडते. मला राहवलं नाही. खाली उतरून रानाच्या कडेला गेले, कणसं हलवून बघितली, पार नाक खुपसून वास घेतला. साडीचा पदर पिवळा झाला. एवढं वय झालं, पण फुलोऱ्यातलं रान दिसलं की मला शहाणपण सुचत नाही.

इथं थोडं मास्तरकीचं बोलते, लगेच आवरते. आपल्या नाकाच्या अस्तरातल्या पेशींना सर्दी-तापाचा विषाणू शिवला की त्या गप्प बसत नाहीत. त्या एक रसायन सोडतात, इंटरफेरॉन म्हणतात त्याला. ते शेजारच्या पेशींना सावध करतं, मग विषाणूला पुढं सरकणं जड जातं. अलीकडं असं दिसून आलंय की परागाचा मारा झाला, की ही सावध करणारी हाक मंदावते. त्यासाठी अंगात ॲलर्जी असायला हवी असंही नाही. एरवी ज्याला शिंकसुद्धा येत नाही, त्याच्याही नाकात हे घडू शकतं. पराग स्वतः सर्दी देत नाही. तो फक्त नाकातली कडी काढून ठेवतो, मग आत कोण शिरायचं हे त्या दिवशी शेजारी कोण बसलंय त्यावर. यातलं बरंचसं काम परदेशातल्या झाडांच्या परागांवर झालंय. आपल्या ज्वारीवर कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून तर मी काचा बांधत फिरते.

आणि हे सगळं तोंडपाठ असलेल्या बाईनं काय करावं? नाकात ज्वारी भरून घेऊन त्याच सकाळी धाराशिवच्या गच्च भरलेल्या गाडीत चढावं! तेच केलं मी.

धाराशिव

गाडीत शेजारी एक काकू होत्या, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. दर दोन वाक्यांनंतर खोकायच्या.

“खोकला झालाय का हो?” मी विचारलं.

“न्हाय वो, हे आपलं वातावरनाचं हाय. घ्या, शेंगा घ्या.”

त्याच हातानं खोकला झाकलेला, त्याच हातानं शेंगा पुढं केलेल्या. पण भाजलेल्या शेंगांचा तो वास! नाही म्हणवेना. धाराशिव येईस्तोवर आम्ही दोघींनी निम्मी पिशवी फस्त केली आणि त्यांच्या धाकट्या मुलीच्या स्थळाची चर्चाही उरकली.

धाराशिवच्या बाजारात येळवशीची झुंबड होती. हरभऱ्याची कोवळी भाजी, चुका, मेथी, पातीचा कांदा, हिरवी तूर, वाटाणा, ओल्या शेंगा, सगळ्यांचे ढीग. हे सगळं एकत्र शिजवून, बेसन लावून जी होते तिला ‘भज्जी’ म्हणतात. मी आपली भजी समजून भाजीवालीला विचारलं, “तळायला एवढं सगळं लागतं?” तिनं शेजारणीला हाक मारून माझा प्रश्न ऐकवला आणि दोघी पोट धरून हसल्या.

“पाव्हण्या हाव व्हय? किती जनाला पायजे?”

“मी एकटीच आहे.”

“मंग दुप्पट न्या. पाव्हना आला की त्याला बघायला गाव येतंय.”

आमच्याकडं संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी करतात, तिचीच ही बहीण असावी. पण आमची भोगी पाटावर बसून, घरात. इथली रानात, ढेकळांवर मांडी घालून. पिशवी जड झाली, शिवाय कुंथलगिरीचे पेढे घेतले. लोहाऱ्याच्या गाडीत ती पिशवी आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही मांडीवर घेऊन बसले.

लोहाऱ्याच्या पुढं

लोहाऱ्याच्या स्टँडवर वैशालीचा नवरा बालाजी मोटारसायकल घेऊन आला होता. बोलायला गोड गडी. “मॅडम, आबाचं काय मनावर घेऊ नका, त्ये सध्या रुसल्यात,” असं त्यानं गाडी सुरू करतानाच सांगून टाकलं.

आबा ओसरीवर बाजेवर बसले होते. सत्तरीच्या पुढचे, काटक, डोक्यावर पांढरी टोपी आणि भर दुपारी खांद्यावर काळी घोंगडी. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुमीच का त्या नाकाच्या बाई?”

“हो, मीच.”

“म्हंजे सूनबाईनं वकील आनलाय म्हना.”

वैशाली आत निघून गेली. मी बाजेशेजारी खुर्ची ओढली. “आबा, एक वर्ष नाही गेलं रानात तर काय बिघडतं?”

“येळवशीला गावात कोन ऱ्हातंय वो? कुत्रंसुदीक ऱ्हात न्हाय, त्ये बी भज्जीच्या मागं जातंय. म्या येकटाच हितं बसून भिताडाशी बोलू?” बोलता बोलता दम लागला, तरी थांबेनात. “पोरपनापासनं त्या शाळूत हाव म्या. माळ्यावर बसून पाखरं राखली. म्या आरोळी दिली की पार पलीकडल्या शिवारातली पाखरं उठायची. आशी…” आणि त्यांनी मान वर करून आरोळी ठोकली, “हाऽऽ…”

ती निम्म्यातच मोडली. खोकल्याची अशी उबळ आली की वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. आबांनी तांब्या घेतला, पण तिच्याकडं बघितलं नाही. खोकता खोकता त्यांनी घोंगडी डोक्यावरून, तोंडावरून ओढून घेतली आणि तसेच बसून राहिले. मला त्या म्हाताऱ्याची फार दया आली. वैशालीचीही आली, कारण ती स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढं उगाच काटक्या सारत बसली होती.

“बाई, मला काय हौस आहे का त्यांना कोंडून ठेवायची?” ती म्हणाली. “गेल्या साली ओठ निळे पडले होते त्यांचे. आम्ही सगळं करून बघितलं. आधी वाटलं आंबील बाधते. ज्वारीचं पीठ नि ताक, थंड, आंबट. घरादारानं ठरवलं, आबांना आंबील बंद. दोन-तीन येळवशी एक घोट दिला नाही.”

“मग?”

“तरी झालंच की.”

“आमच्याकडं आजारी माणसाला मुद्दाम आंबील पाजतात,” मी म्हटलं. वैशालीनं कपाळावर हात मारला.

संध्याकाळी चहा पिताना बालाजीनं मोबाइलवर गेल्या येळवशीचे फोटो दाखवले. रानात कोपी घालतात ती मी तिथं पहिल्यांदा बघितली. उभ्या शाळूतली चांगली चांगली ताटं कापायची, कणसांसकट, आणि ती टेकवून बसकं खोपट करायचं. आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, म्हणजे पाच धोंडे. आणि त्यांच्यापुढं घरातला वडीलधारा माणूस बसतो. दिवसभर. ती मानाची जागा.

फोटोत आबा त्या जागेवर बसले होते. डोक्यावर वीतभर अंतरावर फुलोऱ्यातली कणसं लोंबत होती. अंगाला चिकटून पुण्याहून आलेली नातवंडं, प्रत्येकाचं नाक वाहतंय. आणि आबांच्या काळ्या घोंगडीवर, दोन्ही खांद्यांवर, पिवळी भुकटी पसरलेली.

“बालाजी, हे पिवळं काय?”

“भंडारा हाय मॅडम. नळदुर्गच्या खंडोबाचा. आमी पुजेला उधळताव की.”

“आणि घोंगडी हीच? आबांच्या अंगावरची?”

“हीच,” आबाच बोलले. “भंडारा लागल्याली घोंगडी झटकत न्हाईत, धूत न्हाईत. देवाचं आसतंय. खोकला आला की म्या डोक्यावरनं घेतो.”

अगं बाई गं! येरमाळ्यात असाच पिवळा झालेला माझा पदर आठवला नि हातातला चहा तसाच राहिला माझ्या. दरवर्षी तीच कोपी, तीच घोंगडी, आणि येळवशीनंतर छाती भरली की हा माणूस तीच नाकातोंडावर पांघरून झोपणार. पण नुसत्या फोटोवरून कुणाच्या देवाच्या वस्तूबद्दल काही बोलू नये, एवढं मलाही कळतं. मी म्हटलं, “आबा, उद्या उन्हात ही घोंगडी मला जरा बघू द्याल?”

“झटकायची न्हाय.”

“झटकत नाही. नुसती काच टेकवते.”

सकाळी अंगणात सूक्ष्मदर्शक मांडला. व्हॅसलिनची काच घोंगडीच्या खांद्याला हळूच टेकवली नि बघितलं. मग वैशालीला बघायला लावलं. ती डोळा लावून बराच वेळ वाकून राहिली, आणि वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “बाई, मी विज्ञान शिकवते हो,” एवढंच म्हणाली.

“अगं, भंडाऱ्याकडं भिंग घेऊन कोण बघतं? मीसुद्धा बघितलं नसतं.”

आता आबांना राहवेना. बाजेवरून उतरले, टोपी मागं सरकवली आणि एक डोळा हातानं झाकून वाकले.

“भंडारा कुठाय?”

“ते वाकडेतिकडे पिवळे तुकडे दिसतायत ना, ती हळद. तुमचा भंडारा.”

“आनि हे गोल गोल, शाबुदान्यावानी?”

“तो ज्वारीचा पराग. फुलोरा.”

आबांनी काच इकडं सरकवायला लावली, तिकडं सरकवायला लावली. “फुलोराच लई हाय की वो,” शेवटी म्हणाले. “म्या फुलोरा पांघरत हुतो व्हय?”

मग मी त्यांना नाकातल्या त्या हाकेचं सांगितलं. इंटरफेरॉन हा शब्द मी काढलाच नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्या पद्धतीनं मांडलं. “म्हंजे नाकात राखनदार हाय. पाखरू आलं की त्यो वरडतो, तवा बाकीचे जागे व्हत्यात. आनि फुलोऱ्यानं त्याचा घसा बसतो.”

“अगदी तसंच.”

“आनि पाखरं कोंची? ही पुन्याची पोरं?” त्यांनी बालाजीकडं बघून डोळा मिचकावला. रुसलेला माणूस पहिल्यांदा हसला.

मी बजावून सांगितलं, की हे सगळं शंभर टक्के असंच असेल असं मी म्हणत नाही, डॉक्टरांचा पंप सुटता कामा नये, आणि घोंगडीतली वर्षाची धूळही छातीला चांगली नव्हेच. पण वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडं बसलं, उशिरा गेलं, शेंबड्या पोरांना लांब ठेवलं, तर रानात जायला हरकत कसली? वाऱ्याची दिशा उगवतीकडून. रानाच्या उगवतीला हरभरा. हरभऱ्याचा पराग फुलातच बसून राहतो, वाऱ्यावर उडत नाही. आबांनी हरभऱ्यात बसावं.

वैशालीनं माझ्याकडं बघितलं, मग सासऱ्यांकडं. “आबा, असं असलं तर जाऊ आपण,” ती म्हणाली.

पण आबांचा चेहरा पुन्हा आवळला. “पांडवापुढं कोन बसंल?”

“मी बसेन,” वैशाली म्हणाली.

“तू? आनि म्या हरबऱ्यात, घाटं खात? मानाची जागा सोडून म्हाताऱ्यानं राखनीवर बसायचं? त्यापरीस घरीच बरा की म्या.”

झालं! सगळं जुळून आलेलं या मानापायी फिसकटणार. मी काही बोलणार होते, पण वैशालीनं मला हातानं थांबवलं. ती बाजेशेजारी खाली बसली.

“आबा, हरभऱ्यात बसाल तर आंबील देईन.”

आबांनी मान वळवली. “किती?”

“तुम्ही बास म्हणेपर्यंत.”

“लसूनफोडनीची?”

“लसूणफोडणीची.”

“मंग आधी का न्हाय सांगितलंस माय?” आबा म्हणाले आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. वैशाली रडता रडता हसली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू? घोंगडी मात्र त्यांनी बाहेर टाकू दिली नाही. घडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती देवघराच्या माळ्यावर गेली, आणि अंगावर धुतलेली सोलापुरी चादर आली.

येळवस

येळवशीची सकाळ उजाडली आणि मी उठून बसते न बसते तोच शिंक आली. एक नाही, रांगच. नाक चोंदलेलं, घसा खवखवतोय, कपाळ जड. येरमाळ्याचा फुलोरा आणि धाराशिवच्या गाडीतल्या काकूंचं ‘वातावरण’, दोन्ही पावले होते. मी तोंडावर पदर घेऊन गुपचूप चहाला आले, पण वैशालीच्या नजरेतून सुटते कशाची?

“बाई, सर्दी?”

“छे छे, धूर लागला.”

“बाई.” शाळेतल्या पोराला दटावावं तसं म्हणाली. “शेंबडी पोरं आबांपासून लांब, असं कोण म्हणालं होतं?”

माझ्याच नियमानं माझंच नाक कापलं. बालाजी आतल्या खोलीत जाऊन हसत होता, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी रुमालाची घडी तोंडाला बांधली आणि आबांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही असं कबूल केलं.

ऊन चांगलं वर आल्यावर निघालो. खरोखरच गावात चिटपाखरू नव्हतं. दारादाराला कुलपं, दुकानांना फळ्या, आणि सगळ्या पायवाटांनी डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया रानाकडं चाललेल्या. रानाच्या मधोमध कोपी उभी होती. वैशाली डोक्यावर पदर घेऊन पांडवांपुढं बसली. पहिल्यांदा बुजली. मग लांब हरभऱ्यातून आबा सांगत गेले, “हळद आधी वाहा! पानी मागनं!” आणि तिचं जमलं. शिरस्त्याप्रमाणं भंडारा उधळला गेला. मग बालाजी आंबिलीचं मडकं घेऊन पिकाभोवती फिरला, ज्वारीच्या पाल्यानं शिंपडत, ‘वलगे वलगे सालम पलगे’ असं काहीसं ओरडत. याचा अर्थ काय म्हणून मी चार जणांना विचारलं. कुणी म्हणालं कानडी आहे, कुणी म्हणालं जुनं आहे, एक आजी म्हणाल्या, “आरथ काय करायचाय, वरडायचं.”

माझी रवानगी रानाच्या मावळतीच्या बांधावर, लिंबाखाली झाली. म्हणजे सगळा फुलोरा माझ्याच अंगावर. पण माझं व्हायचं ते होऊनच गेलं होतं. पुण्याची नातवंडंही आली होती, त्यांतल्या दोघांची नाकं वाहत होती. त्यांना माझ्याकडं पाठवण्यात आलं. “ही आपली शेंबड्यांची पंगत,” मी म्हटलं. पोरं खूश झाली.

पंगतीला काय काय होतं म्हणून सांगू! भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, ज्वारीची नि बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, तिळाची पोळी, गव्हाची खीर. चोंदलेल्या नाकाला वास येत नव्हता, तरी मी उंड्यावर उंडा हाणला. आंबील प्यायले ती गार, आंबटसर, लसणाचा ठसका देणारी. आमच्याकडची आंबील आजाऱ्याच्या तोंडाला बेताची चव आणणारी असते. ही सणाची आहे, तोऱ्यात असते.

बांध चांगला उंच होता, तिथून शाळूच्या शेंड्यांवरून पलीकडं हरभऱ्यातली बाज दिसत होती. सोलापुरी चादर पांघरून आबा ताठ बसले होते आणि येणाराजाणारा आधी त्यांच्याकडं जाऊन पाया पडत होता. मान काही कोपीत राहिला नव्हता, तो त्यांच्यामागं हरभऱ्यात गेला होता. वैशालीनं स्वतः तांब्या भरून नेला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि एका दमात संपवला. मग रिकामा तांब्या माझ्या दिशेनं उंच धरला. मीही माझा पेला उंच धरला. मधे सगळा फुलोऱ्यातला शाळू डुलत होता. मला फार बरं वाटलं.

उन्हं कलायच्या आत वैशालीनं आबांना घरी आणलं. संध्याकाळी पेंढी पेटवून रानाभोवती पळतात, तो धूर त्यांना नको होता. एवढं मात्र त्यांनी न कुरकुरता ऐकलं.

सातारा

घरी येऊन मी सर्दीनं अंथरूण धरलं. काढा, वाफारा, घरच्यांची बोलणी, सगळं यथासांग झालं. पण जीव टांगलेला होता तो लोहाऱ्याच्या पुढं. आबांची छाती भरायची ती येळवशीनंतर चार-आठ दिवसांनी. मी रोज फोन उचलायची आणि परत ठेवायची. विचारायची भीती वाटत होती. माझ्या शब्दावर त्यांना रानात नेलं होतं. काही झालं असतं तर माझ्या काचांचं मी काय करणार होते?

शेवटी फोन आला. वैशालीचा नंबर.

“बाई, एक मिनिट हं. आबांना बोलायचंय.” तिच्या आवाजावरून मला काही कळेना.

मग खुडबुड झाली. फोन उलटा धरला असावा. लांबून वैशाली म्हणाली, “आबा, तो कानाला नाही, तोंडाशी धरा.”

“बाई, ऐकूलालाव का?”

“ऐकतेय आबा. कसे आहात?”

“थांबा,” आबा म्हणाले. त्यांनी श्वास भरून घेतल्याचं मला इथं ऐकू आलं. आणि मग आली ती आरोळी, “हाऽऽऽऽर्र!”

लांबलचक, सबंध, कुठंही न मोडलेली. तिकडं कुणाच्या तरी कोंबड्या फडफडल्या. मी फोन कानापासून लांब धरला, तरी स्वयंपाकघरापर्यंत आवाज गेला.

मी म्हटलं, एका वर्षावरून काही ठरत नाही आबा, पुढच्या येळवशीलाही बघावं लागेल, पंप चालू ठेवा. बोलता बोलता मला खोकल्याची उबळ आली आणि माझं वाक्य निम्म्यातच मोडलं.

“तुमचा राखनदार लई घोगरा झालाय बाई,” आबा म्हणाले. “आंबील प्या.”